हे कोणतं प्लास्टिक?

(वाशिम येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



या व्याख्यानाचा विषय प्लास्टिक आहे असं जाहीर झालं तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्यानं मला विचारलं, "सर, आपल्या इथं सोयाबीन पिकते, तूर पिकते. प्लास्टिक कुठं पिकते?" प्रश्न रास्त आहे. त्यावर माझं उत्तर असं, की प्लास्टिक इथं पिकत नसेल, पण त्याच्याशिवाय इथं फारसं काही पिकतही नाही.

आपला जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर बसलेला आहे. काटेपूर्णा इथून निघते आणि अकोल्याकडे पूर्णेला मिळायला जाते. अडाण आणि अरुणावती दुसऱ्या अंगाला उतरतात. पैनगंगा दक्षिणेची कड धरून वाहते. पाऊस पडतो आणि दोन्ही उतारांनी निघून जातो. खाली काळा कातळ, त्यावर कुठे भारी तर कुठे मुरमाड जमीन. म्हणून आपण पाण्याच्या मागे धावतो, बोअर घेतो, मोटार सोडतो, पाइप अंथरतो आणि हरभऱ्याला तुषार लावतो. बोअरच्या तळापासून तुषारच्या नोझलपर्यंत त्या पाण्याला हात लावणाऱ्या वस्तू मोजून बघा. लोखंड आणि पितळ फार थोडं सापडेल. बाकी सगळं आपण ज्याला एका शब्दात प्लास्टिक म्हणून मोकळे होतो ते.

त्या एका शब्दावरच माझी हरकत आहे. "प्लास्टिकचा आहे, टिकणार नाही" हे वाक्य आपल्याकडे इतकं रुळलंय, की कोणतं प्लास्टिक हे विचारायचं राहूनच जातं. लोखंडाच्या बाबतीत आपण असं वागत नाही. बिडाची वस्तू, पोलादाची, स्टेनलेसची हा फरक शेंबडं पोरही सांगतं. प्लास्टिकमधले फरक त्याहून मोठे आहेत. पिशवीच्या पॉलिथिनमध्ये आणि 'पीक' नावाच्या प्लास्टिकमध्ये अंतर किती? पॉलिथिन उकळत्या पाण्याच्या आसपासच मऊ पडतं. पीक वितळायला ३४३ अंश सेल्सिअस लागतात, आणि ते विमानाच्या भागांत आणि माणसाच्या मणक्यात बसवतात.

ढोबळ वर्गवारी सांगून टाकतो, कारण पुढे ती लागेल. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन, पीव्हीसी ही रोजच्या वापराची, स्वस्त, प्रचंड प्रमाणात बनणारी प्लास्टिकं. शंभर अंशांच्या आसपासच्या उष्णतेत भार घेऊन, आकार न बदलता वर्षानुवर्षं काम करतात ती अभियांत्रिकी प्लास्टिकं. त्यातली पाच मुख्य धरतात: नायलॉन, ॲसिटल, पॉलिकार्बोनेट, पीबीटी आणि सुधारित पॉलिफिनिलिन ऑक्साइड. हे शेवटचं नाव ऐकून घाबरू नका. जिल्ह्यातला प्रत्येक मोटार दुरुस्त करणारा ते ओळखतो, फक्त त्याच्या बाजारी नावानं, नोरिल. या पाचांच्या वर पीक, पीपीएस, टेफ्लॉन अशी उच्चभ्रू मंडळी. आणि या सगळ्यांहून वेगळं बॅकेलाइट. लिओ बेकलँडनं १९०७ मध्ये ते बनवलं. एकदा साच्यात घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. जुन्या स्विचचं काळं बटण जळून कोळसा होईल, पण ओघळणार नाही.

आता बोअरमध्ये उतरू.

सबमर्सिबल पंप उघडला तर आत एकावर एक रचलेल्या स्टेज दिसतात. प्रत्येक स्टेजमध्ये एक फिरणारा इंपेलर आणि त्याच्याभोवती स्थिर वाटी. इंपेलर पाण्याला वेग देतो, वाटी त्या वेगाचं दाबात रूपांतर करते आणि पाणी वरच्या स्टेजकडे जातं. पाणी जितकं खोल तितक्या स्टेज जास्त. या दोघांमधली फट अगदी बारीक असते. फट वाढली की पाणी आतल्या आतच मागे फिरतं, आणि मोटार तेवढीच वीज खाऊन पाणी कमी देते.

इंपेलर नायलॉनचा का करत नाहीत? नायलॉन मजबूत आहे, गुळगुळीत आहे, गिअरसाठी नावाजलेलं आहे. पण ते पाणी पितं. नायलॉन ६६ पाण्यात बुडवून ठेवलं तर हळूहळू आपल्या वजनाच्या आठ-साडेआठ टक्के पाणी शोषतं आणि फुगतं. केसभर फटीत फिरणारा इंपेलर फुगला की वाटीला घासणार, मोटारीवर ओझं येणार. नोरिलचं पाणी शोषणं नगण्य आहे. महिनोन् महिने बुडालेलं राहिलं तरी त्याचं माप हलत नाही आणि पाण्यानं त्याच्या रेणूंची साखळी तुटत नाही. जनरल इलेक्ट्रिकच्या ॲलन हे या रसायनशास्त्रज्ञानं १९५६ मध्ये मूळ पॉलिफिनिलिन ऑक्साइड शोधलं. पण ते साच्यात ओतायला फार अवघड होतं. त्यात पॉलिस्टायरिन मिसळल्यावर काम सोपं झालं आणि नोरिल बाजारात आलं. स्वस्त खेळण्यांत असतं तेच पॉलिस्टायरिन, पण योग्य जोडीदार मिळाला आणि त्याचं नशीब पालटलं.

नोरिलचे शत्रू दोन, आणि दोन्ही आपल्याकडे भरपूर. पहिला वाळू. नव्या बोअरमधून वाळू-गाळ येत असताना पंप सोडला तर इंपेलरच्या कडा पॉलिश-पेपरनं घासल्यासारख्या झिजतात. दुसरा शत्रू कोरडेपणा. या पंपाला थंडावा आणि वंगण दोन्ही पाण्याचंच. मार्च-एप्रिलमध्ये पातळी खाली गेली, पंप हवा ओढू लागला आणि वरती ऑटो स्टार्टर आपलं काम चोख बजावत राहिला, की घर्षणाची उष्णता कुठे जाणार? इंपेलर मऊ होतात, वाटीला चिकटतात, शाफ्टवर वितळून बसतात. मग चेन-कप्पी लावून पंप वर काढावा लागतो. मेकॅनिक सगळा संच हातावर घेऊन म्हणतो, "पिघलले, साहेब." मालकाला वाटतं, पितळी घेतला असता तर बरं झालं असतं. पण पितळी किंवा स्टीलचा पंपही कोरडा चालला तर जाम होतो, बेअरिंग जातं, वाइंडिंग जळतं. दोष पाणी संपल्याचा, शिव्या मात्र प्लास्टिकला. पाणी संपताच मोटार बंद करणारं ड्राय-रन संरक्षण बसवायला नव्या इंपेलरच्या संचापेक्षा कमी पैसे लागतात, तरी ते बसवायचं राहून जातं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

त्याच मोटारीत आणखी एक प्लास्टिक दडलेलं असतं. पाण्यानं भरलेल्या मोटारीचं वाइंडिंग पाण्यातच असतं. तांब्याच्या तारेवरचं वेष्टण पूर्वी बहुधा पीव्हीसीचं असे. आता पॉलिएस्टर आणि पॉलिप्रॉपिलीनच्या पातळ फिती तारेवर गुंडाळून ते तयार करतात. कमी जाडीत जास्त विद्युत दाब सोसला जातो, म्हणजे त्याच खाचेत तांबं जास्त मावतं. वीज वाहणारी तार पाण्यात असूनही शॉक बसत नाही, तो या केसभर जाडीच्या फितीमुळे.

मघाशी नायलॉनला नापास केलं. आता त्याची बाजू मांडतो, कारण हा या व्याख्यानाचा गाभा आहे. वाशिम स्टेशनवर कधी गाडीला उशीर असेल तर फलाटाच्या कडेला उभे राहून रुळाकडे नीट पाहा. खाली उतरू नका, वरूनही दिसतं. काँक्रीटच्या स्लीपरवर रूळ, रुळाच्या पायावर वळलेली पोलादी क्लिप, आणि क्लिपच्या टोकाखाली एक लहानसा तुकडा. तो लायनर. आपला अकोला-पूर्णा मार्ग मीटरगेजचा होता, २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला, तेव्हापासून ही रचना आपल्या दारात आहे. हे लायनर लोखंडी असतात किंवा जीएफएन-६६ चे, म्हणजे काचेचे तंतू मिसळलेल्या नायलॉन ६६ चे.

प्लास्टिक कशासाठी? सिग्नल यंत्रणा दोन रुळांतून अत्यंत कमी दाबाचा वीजप्रवाह सोडून ओळखते, की या टप्प्यावर गाडी आहे की नाही. चाकांनी दोन्ही रूळ जोडले गेले की प्रवाहाचा मार्ग बदलतो आणि सिग्नल लाल होतो. हा प्रवाह क्लिपमधून स्लीपरमध्ये गळला तर गाडी नसतानाही यंत्रणा गाडी आहे असं समजेल. म्हणून रुळाच्या पायाखाली रबरी पॅड आणि क्लिपखाली नायलॉन. ब्रॉडगेजच्या मुख्य मार्गावर किलोमीटरला साधारण १६६० स्लीपर धरतात आणि प्रत्येक स्लीपरवर चार लायनर. म्हणजे एका किलोमीटरमध्ये साडेसहा हजारांहून जास्त. आणि प्रत्येकावर क्लिपचा दाब रात्रंदिवस, त्यावर इंजिनाचा थरथराट.

साधं नायलॉन इथं टिकलं नसतं. मातीच्या भिंतीला लिंपताना मातीत गवताचा भुसा मिसळतात, तसं त्यात बारीक काचतंतू मिसळतात. ३० टक्के काचतंतू घातले की नायलॉनची ताण सोसण्याची ताकद दुपटीच्या आसपास जाते, आणि सततच्या ओझ्याखाली हळूहळू वाहत जाण्याची त्याची खोड बरीच आटोक्यात येते. या खोडीला तंत्रज्ञ क्रीप म्हणतात. प्लास्टिकवर काम करणाऱ्यानं सगळ्यात आधी तीच तपासायची. पोलादानं आज पेललं तर ते उद्याही पेलेल. प्लास्टिक आज पेलेल, पण दहा वर्षांनी त्याचा आकार काय असेल?

आणि पाणी पिण्याचं काय? साच्यातून नुकतं निघालेलं कोरडं नायलॉन ठिसूळ असतं, हातोडीच्या फटक्यानं तडकतं. थोडं पाणी प्यालं की ते चिवट होतं. म्हणून नायलॉनच्या वस्तू बनवणारे त्या मुद्दाम पाण्यात किंवा दमट हवेत मुरवतात. बोअरच्या पंपात जो अवगुण, तोच रुळाच्या क्लिपखाली गुण. कोणतं प्लास्टिक चांगलं, या प्रश्नाला म्हणूनच अर्थ नाही. कुठं बसवायचं हे कळल्याशिवाय चांगलं-वाईट ठरत नाही.

ॲसिटलचं थोडक्यात सांगतो. लेथवाले त्याला डेलरिन म्हणतात, ड्यूपाँनं १९६० मध्ये आणलेलं नाव. ते पाणी फारसं पीत नाही, घर्षण कमी, आणि वाकवलं तरी पुन्हा सरळ होतं. पाण्याच्या मीटरमधले दाते, नळाच्या आतले भाग, झिपचा सरकणारा दाणा अशा हजार ठिकाणी ते असतं. दालमिलमध्ये आणि सोयाबीन स्वच्छ करणाऱ्या यंत्रांत मात्र मी एलिव्हेटरच्या बादल्यांकडे लक्ष वेधीन. लोखंडी बादलीच्या जागी प्लास्टिकची आली ती नुसती हलकी म्हणून नाही. लोखंडाची धार दाण्याला लागते, आणि सोयाबीनच्या बियाण्याचं आवरण पातळ असतं. जोरात आपटलं की वरून दिसत नाही, पण उगवण घटते. घरचं बियाणं राखणाऱ्यांना हे ठाऊक आहे. पेरणीयंत्रातल्या बी सोडणाऱ्या चकत्या प्लास्टिकच्या असण्यामागेही हेच एक कारण.

पॉलिकार्बोनेट हे काचेसारखं पारदर्शक आणि तरी फुटायला भलतं कठीण. १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीत हर्मान श्नेलनं आणि जवळपास त्याच वेळी अमेरिकेत डॅनिएल फॉक्सनं ते स्वतंत्रपणे बनवलं. वीजमीटरवरचं पारदर्शक झाकण आणि कितीतरी हेल्मेटं त्याची असतात. हेल्मेटबद्दल एक गोष्ट दुचाकीवाल्या तरुणांनी कान देऊन ऐकावी. पॉलिकार्बोनेट आघात सोसतं, पण काही द्रवांपुढे ते हतबल आहे. पेट्रोलमधले काही घटक, थिनर, रंगातले द्रावक त्याच्या पृष्ठभागात शिरतात. जिथे आधीच ताण आहे तिथे डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पाडतात. एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकच्या हेल्मेटचंही थोडंफार तसंच. थिनरनं पुसून त्यावर स्वतःचं नाव रंगवलेलं हेल्मेट दिसायला झकास असतं, पण ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी त्याचा भरवसा नाही. मी माझ्या वर्गात असं हेल्मेट पाहिलं की मुलाला तेव्हाच नवं घ्यायला लावत असे. आईबाप नाराज होत, पण होऊ देत.

असाच मुद्दा फवारणी पंपाचा, आणि तो जास्त गंभीर आहे. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याची कारणं अनेक होती, त्यात मी शिरत नाही. पण पाठीवरच्या गळक्या पंपाचा धोका तंत्रज्ञ म्हणून मला सांगितलाच पाहिजे. पंपाची टाकी जाड पॉलिथिनची असते, ती बरीच रसायनं सोसते. कच्चा दुवा असतो वॉशर आणि डायफ्रामचा. कित्येक कीटकनाशकं तेलकट द्रावकात विरघळवलेली असतात, ती पाण्यात टाकली की दुधासारखी होतात. हे द्रावक काही रबरांत मुरतं. वॉशर फुगतो, मऊ होतो, मग झिजतो, आणि औषध पाठीवर ओघळतं. ईपीडीएम रबर पाण्यात, उन्हात उत्तम, पण तेलकट द्रावकात वाईट. फ्लोरोरबर द्रावकात उत्तम, पण महाग. दुकानात मिळणारा वॉशर कोणता आहे हे विकणाराही सांगू शकत नाही, घेणारा विचारतही नाही. दोन-चार रुपयांच्या त्या चकतीवर माणसाची पाठ अवलंबून असते.

पाइपांकडे येतो. काटेकोर वर्गवारीत पीव्हीसी आणि पॉलिथिन अभियांत्रिकी प्लास्टिकांत बसत नाहीत. पण तो निकष उष्णतेचा आणि किमतीचा आहे. पन्नास वर्षं दाब सोसायचा हिशेब करून बनवलेल्या पाइपला कमी लेखण्याचं मला कारण दिसत नाही. पीई १०० असं ज्यावर छापलेलं असतं त्या पॉलिथिनचं गणित क्रीपचंच. २० अंश तापमानात पन्नास वर्षांनंतरही १० मेगापास्कल ताण सोसेल, असा त्या आकड्याचा अर्थ. तापमान २० अंश! विदर्भात मे महिन्यात उघड्या काळ्या पाइपमधलं पाणी चटका देतं. तापमान चढलं की पाइपची दाब सोसण्याची क्षमता उतरते. म्हणून उन्हात राहणाऱ्या पाइपला कागदावरचा पूर्ण दाब देऊ नये.

पीव्हीसी जमिनीत आणि पॉलिथिन जमिनीवर, हा शेतकऱ्यांचा नियम बरोबर आहे. पीव्हीसी उन्हात फिकट आणि ठिसूळ होतं. पॉलिथिनमध्ये अडीच टक्क्यांच्या आसपास बारीक काजळी मिसळतात, ती अतिनील किरण अडवते. ठिबकची नळी आणि तुषारचा पाइप काळा असतो तो यामुळे. मळ दिसू नये म्हणून नव्हे, जसं अनेकांना वाटतं. मात्र आपल्या भारी जमिनीत पुरलेल्या पीव्हीसीलाही एक त्रास असतो. पावसाळ्यात ही माती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कडक पाइप जागचा हलतो आणि सांध्यावर ताण येतो. अशा ठिकाणी वाकणारं पॉलिथिन चांगलं, जरी त्याचे सांधे वितळवून जोडायला यंत्र आणि माणूस लागतो. बोअरमध्ये लोखंडी कॉलम पाइपच्या जागी चौकोनी आट्यांचे पीव्हीसी पाइप आले, त्याचं श्रेय गंज न लागण्याला जितकं, तितकंच वजनाला. लोखंडाची घनता ७.८५, पीव्हीसीची १.४. पंप वर काढणाऱ्या गड्यांना विचारा.

या सगळ्यामागे आपल्या मातीतली माणसंही आहेत. जळगावला भवरलाल जैन यांनी १९८० मध्ये पीव्हीसी पाइपांचा कारखाना सुरू केला आणि पुढे ठिबक घराघरात नेलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रघुनाथ माशेलकर १९७६ मध्ये आले. पॉलिमर कसे वाहतात, या वरवर रुक्ष वाटणाऱ्या शास्त्रावर त्यांचं नाव झालं. साच्यात प्लास्टिक भरताना ते कुठे आखडेल, कुठे पोकळी राहील, हे त्याच शास्त्रावर ठरतं. आणि मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, म्हणजे यूडीसीटीत, शिकलेले केकी घरडा. त्यांनी गुजरातेत पानोलीला पीक बनवलं. जगात हे मोजक्या लोकांना जमत होतं. पुढे तो व्यवसाय सोल्वे या बेल्जियन कंपनीनं घेतला. मला ते विकलं गेल्याची हळहळ आहे, पण ज्यांनी ते बनवलं त्यांच्या निर्णयावर मी कोण बोलणार?

शेवटचा मुद्दा भेसळीचा. चांगल्या पाइपवर भारतीय मानकाचा क्रमांक, प्लास्टिकचा दर्जा, दाबाचा वर्ग, बनवल्याची तुकडी हे सगळं छापलेलं असतं. पॉलिथिनच्या पाण्याच्या पाइपला आयएस ४९८४, पीव्हीसीला आयएस ४९८५, तुषारच्या पाइपला आयएस १४१५१. मानकानुसार त्यात बाहेरचं भंगार वापरता येत नाही. जिथे चालतो तिथे कारखान्यातला स्वतःचाच स्वच्छ उरलेला माल, आणि तोही मर्यादेत. भंगार मिसळलेला पाइप पहिल्या वर्षी अगदी तसाच दिसतो. दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात चिरतो, आणि गावात पुन्हा तेच वाक्य ऐकू येतं, प्लास्टिकच ते. थोडी परीक्षा घरी होते. तुकडा पाण्यात टाका. शुद्ध पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतात, पीव्हीसी, नायलॉन, ॲसिटल, पॉलिकार्बोनेट बुडतात. पॉलिथिन म्हणून घेतलेला पाइप बुडाला तर त्यात खडूची भुकटी ढोसलेली आहे असं समजा. भंगारवाले याच्याही पुढे आहेत. जळका तुकडा नाकाशी नेऊन केस जळाल्याचा वास आला की ते नायलॉन ओळखतात. हा प्रयोग तुम्ही करू नका. ॲसिटल जळताना फॉर्माल्डिहाइड सुटतो, आणि पीव्हीसी जळताना निघतो तो वायू फुप्फुसात गेला की आम्ल होतो.

पाइपवर मानकामुळे छापील मजकूर आला, सुट्या भागांवर मात्र नाही. मोटारगाडीच्या इंजिनाजवळचं पंख्याचं आवरण उलटं करून बघा. दोन कोनी कंसांत पीए६६-जीएफ३० असं रोमन अक्षरांत उठवलेलं सापडेल. म्हणजे नायलॉन ६६, ३० टक्के काचतंतू. अशी खूण कशी करायची हे आयएसओ ११४६९ या मानकात सांगितलं आहे. गाडी भंगारात गेली तरी कोणीही वाचून वेगळं करू शकतो. बाजारात सुटे मिळणारे इंपेलर घ्या, फवारणी पंपाचे वॉशर घ्या, पेरणीयंत्राच्या चकत्या घ्या. बहुतेकांवर काहीच नसतं. साच्यात चार अक्षरं कोरायला फारसा खर्च येत नाही. ते करायला लावणं ग्राहकाच्या हातात आहे. आणि या सभागृहात बसलेले बहुतेक जण दर हंगामाला यातलं काही ना काही विकत घेतात. दुकानदाराला एवढंच विचारायचं, की हे कोणतं प्लास्टिक आहे. "चांगलं आहे" हे या प्रश्नाचं उत्तर नसतं. तो कारखानदाराला फोन लावेपर्यंत पैसे काढू नका.